रिकाम्या खुर्चीत कोण बसलं

तिला सगळी गल्ली कात्रीबाई म्हणायची. एक तर ती बायकांचे केस कापायची, आणि दुसरं म्हणजे तिच्या जिभेची धार कात्रीहून कमी नव्हती. दुकान एका खोलीचं. आरशासमोर एक फिरती खुर्ची, आणि दाराशी लाकडी हातांची एक, नंबर लावून बसणाऱ्यांसाठी.

कात्रीबाई ज्या पंथात जन्मली, त्या पंथाला लोक ‘रिकाम्या खुर्चीवाले’ म्हणत. त्यांच्या प्रत्येक घरात, प्रत्येक स्वयंपाकघरात एक खुर्ची रिकामी असते. ती रोज सकाळी पुसायची, तिच्यावर कुणी बसायचं नाही, कपडे टाकायचे नाहीत. का, तर ‘येणारा’ येईल तेव्हा त्याला उभं राहावं लागू नये. येणारा कोण, कधी येणार, ते कुणी सांगत नाही. कात्रीबाईचा ह्यावर काडीचा विश्वास नव्हता. शाळेत जात होती तेव्हापासूनच नव्हता. तिनं पंथाबाहेर लग्न केलं आणि ज्येष्ठमंडळानं तिच्याशी रोटी-बोलणं सगळं बंद केलं. हिनंही मागे वळून पाहिलं नाही. आई मात्र केस कापायच्या निमित्तानं दुकानात यायची. केस कापायला तर बंदी नव्हती ना! म्हातारीच्या डोक्यावर चार बटा उरल्या होत्या, पण कापायला ती दर आठवड्याला हजर.

अशीच एकदा फिरत्या खुर्चीत बसली असताना आई आरशात बघत म्हणाली, “पोरीला रेक्टरनं मारलं. मी पाहिलं.”

पोरगी म्हणजे कात्रीबाईच्या भावाची मुलगी, पंथाच्या वसतिगृहात राहणारी. आई त्याच वसतिगृहात स्वयंपाकीण. रेक्टरनं पोरीच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की त्या कानानं तिला ऐकू येईना. ज्येष्ठमंडळानं काय करावं? पोरगी न्हाणीघरात घसरली असं सांगून तिला घरी धाडलं, आणि रेक्टरला गुपचूप दुसऱ्या वसतिगृहावर नेमलं. भावानं घसरल्याचं मुकाट्यानं मान्य केलं. ज्येष्ठांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशीच सवय लावली होती त्याला.

“कुणाला सांगू नकोस,” आई म्हणाली. कात्रीबाईनं सगळ्यांना सांगितलं. तक्रार केली, पुन्हा केली, साहेबाच्या दारात ठिय्या दिला, तेव्हा कुठे सरकारी चौकशी समिती बसली. पण घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी: डोळ्यांनी पाहणारी एकटी आई, आणि ती आज हो म्हणायची, उद्या नाही. ती बोलली नाही, तर रेक्टर नव्या पोरींसमोर उभा राहणार होता.

त्याच सुमारास एक पत्रकार दुकानात आला. गोड बोलणारा, हसरा माणूस. म्हणाला, “मी तुमच्या बाजूनं लिहिणार.” कात्रीबाईला बरं वाटलं. त्यानं लिहिलं तर आईलाही धीर येईल, असा तिचा हिशेब. बंदी धाब्यावर बसवून ती त्याला आईच्या घरी घेऊन गेली. जिन्यातच बजावलं, “खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचं नाही. मला पटत नाही, तुम्हालाही पटणार नाही. तरी बसायचं नाही.”

“अहो, मला कळतं ना!” तो म्हणाला.

कळत होतं कसलं डोंबल! आई चहा आणायला आत वळली, आणि हा बाबा जाऊन नेमका त्याच खुर्चीत बसला. पायावर पाय टाकून, फोन समोर धरून स्वतःचा फोटो काढत होता. आई कप घेऊन बाहेर आली. ओरडली नाही. कप टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “उठा.” तो उठला, हसत हसतच. आईनं पदरानं खुर्ची पुसली. मग म्हणाली, “माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. चहा घ्या आणि या.”

रविवारी लेख आला. मथळा होता ‘अदृश्य पाहुण्याच्या मांडीवर’. फोटो ठळक, विनोद चुरचुरीत. पोरीच्या कानाबद्दल शेवटी दोन ओळी. रेक्टरच्या बदलीबद्दल अक्षर नाही. शहर पोट धरून हसलं. आणि ज्येष्ठमंडळाला काय आनंद झाला म्हणता! मंडळाच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळा पंथ ‘थोरले’ म्हणायचा, तो लेख भर सभेत वाचून दाखवला. “बघा, जग आपल्याला कसं हसतं! आता तरी एक व्हा.” आणि लोक झाले एक. ज्यांच्या मनात रेक्टरबद्दल पाल चुकचुकत होती, त्यांनीही तोंडं मिटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. वर चोरालाच हारतुरे.

कात्रीबाई तडक पत्रकाराच्या कचेरीत गेली. “आईला चार महिने मी बोलती करत होते,” ती म्हणाली, “आणि तुम्ही बूड टेकवून सगळ्याची माती केलीत.”

“पण तो मूर्खपणा आहेच ना, बाई? तुम्हीच म्हणालात पटत नाही म्हणून.”

“माझा नवरा झोपेत गातो. तोही मूर्खपणाच आहे. त्याच्यावर चौकशी बसवू?”

आईकडे गेली तर आईनं दार उघडलं, पण नजर दिली नाही. “तूही मनातून हसतेसच,” आई म्हणाली.

कात्रीबाईला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. “माझा विश्वास नाही, आणि तो येणारही नाही. पण ह्या घरात होते तोवर मी कधी त्या खुर्चीत बसले? तुझ्याशी भांडून, रुसून, उपाशी राहूनसुद्धा? हसायला मला दुसरी कामं नाहीत का?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आई, मला तुझा देव नकोय. मला रेक्टर पाहिजे.”

आईनं दार लोटून घेतलं. पण सुनावणीच्या दिवशी ती धुतलेली साडी नेसून दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली.

सुनावणीची खोली उंच खिडक्यांची, पंखा करकरणारा. थोरले बोलायला उठले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी वर्तमानपत्र काढलं. “आमच्या श्रद्धेची ही विटंबना! इथं खटला रेक्टरवर नाही, आमच्या खुर्चीवर भरलाय.” ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ह्यात हा माणूस मुरलेला. समितीतला एक तरुण सदस्य गालात हसत आईकडे वळला. “आजी, पण खरंच कुणी येतं का हो त्या खुर्चीत?”

खोलीत खसखस पिकली. आईनं पिशवी उचलली. ती उठणार, तेवढ्यात कात्रीबाई उभी राहिली.

“हसायचं असेल तर माझ्या दुकानात या, साहेब, तिथं मी फुकट हसवते. खुर्चीनं आजवर कुणाला मारलं नाही. मारलं रेक्टरनं. लपवलं ह्या मंडळानं. ते समोर बसलेत, आणि तुम्ही लाकडाची उलटतपासणी घेताय!” थोरल्यांनी समाधानानं मान हलवली, तशी ती त्यांच्याकडे गर्रकन वळली. “तुम्ही मान डोलवू नका. मी तुमच्या बाजूनं बोलत नाहीये.”

अध्यक्षबाईंनी तिला खाली बसवलं. मग त्या सदस्याला म्हणाल्या, “प्रश्न मागे घ्या.”

“राहू द्या,” आई म्हणाली. “मी उत्तर देते. येतं. एकदा आलं होतं.”



“वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातही खुर्ची आहे. रेक्टरनं माझ्यासमोर पोरीला मारलं. तिच्या कानातून रक्त येत होतं, तिला उभं राहवेना. मी तिला त्या खुर्चीत बसवलं. दुसरं कोण यायचं राहिलं होतं? थोरले आले. पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, हिला आधी खुर्चीवरून उठव.” आईनं हातातली पिशवी खाली ठेवली. “मी उठवलं तिला. आयुष्यभर पुसत आले ती खुर्ची, आणि आलेल्याला मीच उठवलं. आता नाही उठवायची. लिहून घ्या. रेक्टर कुठल्या वसतिगृहावर आहे, तेही सांगते. तिथंही मुली आहेत.”

थोरल्यांच्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं. अध्यक्षबाई लिहून घेऊ लागल्या. त्या संध्याकाळीच रेक्टरला कामावरून दूर केलं आणि पोलीस त्याच्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मंडळाची दोन माणसं आईच्या घरी आली आणि खिडकीजवळची खुर्ची उचलून घेऊन गेली. पंथातून काढल्याची ती खूण. कात्रीबाईनं ऐकलं, दुकानातली लाकडी खुर्ची खांद्यावर मारली आणि भर गल्लीतून आईच्या घरी नेली. खिडकीजवळ ठेवली, ओल्या फडक्यानं पुसली.

“तुझा तर विश्वास नाही,” आई म्हणाली.

“नाहीच,” ती म्हणाली. “पण खुर्ची तुझी आहे, त्यांच्या बापाची नाही.”

दुपारी दुकानात आलेल्या बायका दाराशी उभ्याच. त्यातली एक आरशासमोर बसता बसता म्हणाली, “काय गं, दुसरी खुर्ची कुठं गेली? तूही त्यातली झालीस की काय?” आणि हसायला लागली.

कात्रीबाईनं तिचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं.

“हसायचं नाही,” ती म्हणाली. “कात्री कानाजवळ आहे.”