उड्डाण बंद

वार्षिक वैद्यकीय तपासणीत माझ्या हृदयाच्या आलेखात काहीतरी खटकलं. मोठ्या इस्पितळात पुढच्या तपासण्या झाल्या आणि एका मंगळवारी सकाळी तळावरच्या डॉक्टरांनी मला बोलावलं.

"सर, एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालीय. गोळ्या घेतल्या तर काळजीचं कारण नाही. पण उड्डाण बंद."

"किती दिवस?"

"कायमचं, सर."

मी "थँक्यू" म्हणालो, टोपी घातली आणि बाहेर पडलो. लष्करी अधिकाऱ्यांना हेलिकॉप्टर चालवायला शिकवणाऱ्या नाशिकच्या तळाचा मी तेव्हा प्रमुख होतो. वीस-बावीस वर्षं उडत होतो, त्यातली बरीचशी हिमालयात, जखमी जवान खाली आणण्यात. आता राग येईल, निदान रडू येईल असं वाटलं. काहीच आलं नाही.

नऊ वाजता मला एका कॅप्टन मुलीची शेवटची परीक्षा घ्यायची होती. ती वणीकडची. हेलिकॉप्टर जमिनीपासून थोडं वर, एका जागी स्थिर धरणं तिला साधत नव्हतं. दोन प्रशिक्षकांनी तिला परत पाठवा असा शेरा दिला होता. मग मीच काही दिवस तिच्या शेजारी बसून शिकवलं होतं. ती हेल्मेट घेऊन माझी वाट पाहत उभी होती.

"परीक्षा उपप्रमुख घेतील," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "सर, माझं काही चुकलं का?"

"नाही. मला मीटिंग आहे."

खोटं होतं, पण उडायच्या आधी तिच्या डोक्यात दुसरं काही भरवायचं नव्हतं. खिडकीतून मी पाहत राहिलो. हेलिकॉप्टर जरासं डावीकडे सरकलं, मग थांबलं, आणि थांबूनच राहिलं. ती पास झाली. मला आनंद व्हायला हवा होता. मी पुढची फाइल उघडली.

रविवारी अंबडला वडिलांकडे गेलो. ते तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मी सगळं सांगितलं.

"दुखतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा."

"नोकरी?"

"आहे. खुर्चीवरची."

त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला. मग म्हणाले, "प्रेसमध्ये बोट तुटल्यावर मला मशिनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. तुझ्या आईला सहा महिने सांगितलं नाही. सुटी झाली की कपड्यांना ग्रीस फासून घरी यायचो."

बोटाचं मला माहीत होतं, ग्रीसचं नव्हतं. मी चहा संपवला. त्यांनी न विचारताच आणखी अर्धा कप ओतला.

पुढे वर्षभर मी तळ चालवला. रोज सकाळी दुसऱ्यांच्या उड्डाणांच्या तक्त्यावर सही करायची, दिवसभर इंजिनांचे आवाज ऐकायचे. बदली झाली तेव्हा निरोप म्हणून मला मागच्या सीटवर बसवून घोटीपर्यंत एक फेरी मारून आणलं. खाली भाताची खाचरं पाण्याने भरलेली होती.

"कसं वाटतंय, सर?" पायलटने विचारलं.

"छान," मी म्हणालो, आणि उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.