पुष्पलताचा तिसरा हात

माझी बायको पुष्पलता हसते, पण पदराआडून. तीस वर्षं झाली. मी चंद्रभान. घरी दोन हातमाग आहेत, एकावर मी बसतो, दुसऱ्यावर ती. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख आहे, हे तिच्यासमोर मी कधी कबूल केलं नाही. तुम्हीबी सांगू नका.

आमच्या नूपुरचं लग्न ठरलं अन् बाईसाहेबांनी जाहीर केलं, "समोरच्या दाताची खाच बुजवून घेईन. पोरीच्या लग्नात मले मोकळं हसाचं आहे."

"काहून वं, नवरी तू आहे का?" मी म्हटलं. मग दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी मीच तिले सक्करदऱ्याले दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो.

डॉक्टर प्रणाली नूपुरच्याच वयाची, पण समजदार. आरसा फिरवून फिरवून तिनं दात पाहिले. "मावशी, दात मजबूत आहेत, हिरड्याही चांगल्या. दातावर नखासारखा पातळ पापुद्रा चिकटवू, त्याला व्हिनिअर म्हणतात. त्यासाठी दात फारसा तासावा लागणार नाही. पण तो जपावा लागतो. दातानं काही फोडता का? सुपारी? बाटलीचं झाकण?"

"नाही जी. मी तं फुटाणेबी खात नाही."

"मग ही खाच कशानं पडली?"

"जन्माचीच असन," मी ठोकून दिलं.

डॉक्टर तारीख लिहाले वळली. तिच्या कोटाच्या बाहीले एक धागा लोंबत होता. पुष्पलतानं बाही धरली, तोंडाशी नेली अन् कट! धागा तुटला. डॉक्टर बाहीकडे पाहे, मग दाताकडे पाहे.

"मावशी, असं दिवसातून किती वेळा?"

"हे का मोजाचं राहते? माहेरीबी माग होता, लहानपणापासूनची सवय आहे. मागावर सूत तुटलं का गाठ माराची अन् उरलेलं दातानं तोडाचं. दोन्ही हात गाठीत गुंतले राहतात न."

बाप्पा! तीस वर्षं शेजारी बसून मले हे दिसलं नव्हतं. दिसन कसं, मीबी तेच करतो. जीभ फिरवून पाहिली तं माझ्याबी दाताले खाच!

डॉक्टर पोट धरून हसली, पण सांगाचं ते सरळ सांगितलं. दातानं सूत तोडत राहिलात तर पापुद्रा फुटेल, नाहीतर निघून येईल. कातरी वापरणार असाल तर लावू, नाहीतर नको. दात निरोगी आहे, घाई काहीच नाही.

आठ दिवस पुष्पलता गळ्यात कातरी अडकवून मागावर बसली. दर गाठीले हात सोडा, कातरी धरा, पुन्हा गाठ सैल. आठव्या दिवशी तिनं कातरी खुंटीले टांगली. "नाही जमत जी. राहू द्या." आवाज रडवेला.

"तुले कोण म्हटलं वं, दात वाईट दिसते म्हणून?"

"तुम्हीच. आपल्या लग्नाचा फोटो आला तवा. म्हणे, तोंड मिटून काहून नाही हसली?"

मले आठवतबी नव्हतं. तिनं मात्र ते तीस वर्षं मनात धरलं. मले लाज वाटली, लय लाज वाटली. म्हटलं, "मी गधा होतो."

"होतो?" ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी नूपुरनं आईच्याच हातचं लुगडं नेसलं. फोटोवाला तयार झाला अन् कोणाले तरी नवरीच्या पदराले लोंबलेला लाल धागा दिसला. बाया कातरी शोधाले पळाल्या. पुष्पलतानं पदर उचलला, पण समोर विहीणबाई! तिथंच अडली.

मी मांडवातून ओरडलो, "अवं, तोड न दातानं! मलेबी खाच आहे, हे पाहा!" अन् सगळ्या वऱ्हाडाले दात विचकून दाखवले.

तिनं धागा तोडला अन् अशी हसली, अशी हसली! फोटोवाल्यानं नेमका तवाच फोटो काढला.

तो फोटो आता मागाच्या वर भिंतीवर आहे. तिचे दोन्ही हात पोरीच्या पदरावर, ओठाले लाल धागा अन् दात सगळे उघडे. माझे डोळे मिटलेले आले आहेत. पण मी त्या फोटोबद्दल एक शब्द बोललो नाही.