बारा वर्षांतली पाच

सडा टाकून मी ओसरीवर जोंधळे निवडत होते, तेवढ्यात एक परका माणूस दारात आला. कालचीच गोष्ट, मैत्रिणींनो. आपली ही वही घरोघर फिरते, पण सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

लढाईच्या काळात माझे यजमान मुंबईकडे किनाऱ्यावर गस्तीच्या बोटीवर होते. पाच वर्षांपूर्वी ते बेपत्ता झाल्याचं पत्र आलं. हा माणूस त्याच बोटीवरचा खलाशी; आता नोकरी सुटल्यावर आमचा पत्ता शोधत आलेला.

"वादळात कोळ्यांचा मचवा उलटला, वहिनी," तो म्हणाला. "दादानं उडी घेतली. स्वतःच्या कमरेचा दोर सोडून बुडणाऱ्या कोळ्याला बांधला. कोळी वर आला. दादा माझ्या डोळ्यांदेखत गेला."

सासूबाई आतून आल्या. "मुडदा पाह्यला का तू?"

"नाही, आजी. समुद्रानं दिलाच नाही."

"मग काहून अभद्र बोलून राहिला? पूर्णेच्या पुरात म्हशीवानी पव्हायचा माझा लेक! बारा वर्षं वाट पाहायची रीत हाय. पाचच झाली. च्या पी अन् जा."

तो गेला. सासूबाईंनी रोजच्यासारखं लेकाचं ताट वाढायला सांगितलं. मी वाढलं. आमच्या घरात रडायला जागाच नव्हती.

खरं कळल्यावर ते एकटीनं किती दिवस सांभाळावं? कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहा.

आज सकाळी न्हाऊन मी आरशासमोर बसले आणि कुंकू लावलं.