बर्फातली गॅडोलिनियमची गोळी

थांबा, हे आत्ताच सांगते, संध्याकाळपर्यंत दम निघणार नाही!

आमचा एमएस्सीचा प्रोजेक्ट म्हणजे एक वाटाण्याएवढी करडी गोळी. गॅडोलिनियम, सिलिकॉन आणि जर्मेनियम एकत्र वितळवून केलेली. आमच्या गाईड मॅडमनी ती बाहेरच्या लॅबमधून मागवलेली, एकच. आज तपासायला आलेल्या सरांना ती चुंबकाला ओढली जाताना दाखवायची, नाहीतर विषय रद्द आणि दरवर्षी सगळे करतात तोच तो डायोडचा प्रोजेक्ट!

गंमत अशी की ही गोळी गार झाल्यावरच नीट चुंबकीय होते. एरवी आतले अणू सातपूरच्या कारखान्यांत शिफ्ट सुटल्यावरच्या गर्दीसारखे, प्रत्येकाचं तोंड भलतीकडे. थंडी पडली की अणूंचे थर जरासे सरकतात, एकमेकांना धरतात आणि त्याच क्षणी सगळ्यांची तोंडं एका दिशेला! रचना बदलली की चुंबकत्व आलंच. किती भारी आहे हे!

तर सकाळीच आम्ही ती बर्फात ठेवली. वेळ झाल्यावर माझ्या पार्टनरने काढली, पुसली आणि हरवू नये म्हणून मुठीत घट्ट धरून हॉलमध्ये आणली. एप्रिलचं नाशिक, त्यात घाबरलेला घामट हात. दोऱ्याला टांगली, चुंबक जवळ नेला. गोळी नुसती किंचित हलली.

"वाऱ्याने हलली का?" सर म्हणाले. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

पार्टनर सटाण्याची. घाबरली की घरची अहिराणी येते. "आते काय करानं?" माझ्या कानात.

मॅडम मात्र शांत. तिला म्हणाल्या, "हात दाखव. बघ, किती गरम! अगं, गोळी आहे ती, अंडं नाही उबवायला." मग मला, "तू पळ, रसवंतीतून बर्फ आण. येताना कँटीनमधून जाडं मीठ."

पॉट आईस्क्रीमला करतात तसं मीठ घातलं बर्फात, म्हणजे तो आणखी गार होतो. मॅडमनी गोळी दोऱ्यासकट खाली बुडवली. मग वर काढली, आणि लगेच चुंबक.

टक्! चिकटली!

सर खुर्चीतून उठले. "परत करा." परत केलं. परत टक्! "हाच विषय ठेवा," ते म्हणाले, आणि चुंबक स्वतःच्या हातात घेऊन तिसऱ्यांदा करून बघितलं. मॅडम नुसत्या हसल्या. मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली!

पार्टनर अजून तळहात बघतेय. तुमचंही झालंय का असं, जपून धरलं आणि त्यानेच घोळ झाला? सांगा ना!