काकांची बॅग

"वहिनी, तुमचं नशीब चांगलं, स्वतःचं घर झालं. आमच्या रियाला नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या असूनही तिकडे घर परवडत नाही," न्यू जर्सीहून आलेले काका आईला सांगत होते. सिंगापूरमधल्या बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांची बॅग उघडी पडली होती. तिच्यातून येणाऱ्या साबण आणि चॉकलेटच्या मिसळलेल्या वासाने मी पुन्हा अकरा वर्षांची झाले.

तेव्हाही काका इथेच बसले होते. रियाचं जुनं, जाड जाकीट त्यांनी मला घालून बघायला लावलं होतं आणि इथल्या उकाड्यात मी घामाने भिजले होते. इतक्यात आई बाजारातून बसने आली.

"अजून गाडी नाही? अहो वहिनी, आमच्याकडे याला मिडल क्लास म्हणत नाहीत," काका हसत म्हणाले.

आईही हसली आणि पिशव्या घेऊन आत गेली. मला तिची लाज वाटली. तिच्या बोटांवर पिशव्यांच्या बंदांचे लाल वळ उठलेले मी पाहिले होते, पण त्या वळांचा या घराच्या हप्त्यांशी काय संबंध आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आजही आई नुसती हसली. मी सहसा मोठ्यांच्या बोलण्यात पडत नाही. पण आज मी चहाचा कप खाली ठेवला.

"नशीब नाही, काका," मी म्हणाले. "आई बसने गेली, म्हणून हे घर झालं."