सुधाकर मोड

ब्रेक या वस्तूवर आमच्या मामांइतका दात असलेला माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, आणि त्यांना स्वतःला साधी सायकलसुद्धा चालवता येत नाही. सारा जन्म त्यांनी मागच्या सीटवर बसून दुसऱ्यांना गाडी शिकवण्यात घालवला. माझं लग्न झाल्यापासून पुढची सीट माझ्या नशिबी आली. गोल बाजाराच्या गर्दीत समोर गाय आडवी उभी असते, मी स्कूटर थांबवतो, आणि मागून लगेच आवाज येतो, "जवाईबुवा, ब्रेक काहून मारून राहिले? सरकते नं ते!" गाय सरकत नाही. लोक माझ्याकडे बघतात आणि मी घाम पुसत बसतो.

या सगळ्याचं मूळ सुधाकर. मामांचा शाळेपासूनचा जिगरी दोस्त, मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारा. त्या काळी शहराबाहेरच्या उरला भागाकडचे रस्ते मोकळे होते आणि अधूनमधून तिथे शर्यत लागायची. एका बेरकी वळणावर सगळे ब्रेक मारायचे, सुधाकर मारायचा नाही, आणि तिथेच तो सगळ्यांना मागे टाकायचा. ही हकीकत मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतही सांगेन. पुढे बिचारा कावीळ होऊन गेला, तोही घरच्या अंथरुणावर. त्यानंतर मामांनी त्या वळणावर पत्र्याची पाटी रोवली, 'सुधाकर मोड'. वळणाला इकडे मोडच म्हणतात. दर रविवारी ती पुसायला मामा जाणार, म्हणजे मी त्यांना नेणार. आठवडाभर मान मोडून काम केलेल्या माणसाने सुटीच्या सकाळी ट्रकांच्या मागे उरल्याची धूळ खायची, याला मी प्रारब्ध म्हणतो. बायको म्हणते, "एवढं तर करूच शकता."

पण त्या पाटीनेच घात केला. रस्त्याच्या वळणावर एखाद्याच्या नावाची पाटी दिसली की लोक समजायचं ते समजतात. ट्रकवाले तिथे गाडी हळू करू लागले, हात जोडू लागले. पाटीखाली उदबत्त्या आल्या, नारळ फुटले, झेंडूचे हार चढले. एका रविवारी एक ड्रायव्हर तिथे डोळे मिटून उभा दिसला आणि मामा स्कूटर थांबायच्या आतच उतरून त्याच्यावर धावले. "भैया, वो यहाँ मरा नहीं है! यहाँ तो जीतता था!" तो माणूस शांतपणे म्हणाला, "हव बाबा. पर इनके पुण्य से यहाँ सब गाड़ी धीरे चलाते हैं." मामांच्या तोंडाकडे बघवेना. ज्या वळणावर सुधाकरने कधी ब्रेकला हात लावला नाही, तिथे त्याच्याच नावाने उरल्याचा प्रत्येक ट्रक ब्रेक मारत होता. परतताना मी वाटेल तितके ब्रेक मारले, पण मागून चकार शब्द आला नाही.

मग रस्ता रुंद करायचं निघालं, आणि ते वळणच काढून टाकायचं ठरलं. मामा मला घेऊन रस्तेखात्याच्या साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "अंकल, मोड़ ही नहीं रहेगा तो बोर्ड कहाँ लगाएँगे?" मामांनी वळणावर जाऊन पाटी उपटून घेतली. लेकरू धरावं तशी पाटी मांडीवर धरून ते स्कूटरवर घरी आले आणि स्वयंपाकघराकडून न्हाणीकडे बोळ वळतो तिथल्या भिंतीवर त्यांनी ती ठोकली. मामी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आता मले तोंड धुवालेही सुधाकरभाऊजीच्या मोडावरून जा लागते!" मामा मात्र त्या कोपऱ्यावरून न थांबता सुसाट वळायचे. मामींच्या हातातलं वरणाचं पातेलंही त्यात एकदा आडवं झालं. "हॉर्न तरी वाजवत जा," एवढंच त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात त्याच सुसाटपणात मामा ओल्या फरशीवरून घसरले. कंबर धरली, हातात वॉकर आला. डॉक्टरांनी बजावलं, वळताना थांबत जा. मामांनी अर्थातच ऐकलं नाही. स्कूटरवर बसणं तर संपलंच. गोल बाजारात आता मी एकटा जातो, गाय आडवी आली की ब्रेक मारतो, आणि मागून आवाज येत नाही. इतकी वर्षं याच शांततेसाठी मी जीव टाकत होतो. ती मिळाली, पण मला मुळीच आवडत नाही.

रविवार अजून त्यांचाच आहे. उरल्याऐवजी आता मी त्यांना आंघोळीला नेतो, स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत. परवा त्या कोपऱ्यावर आलो आणि मामा पाटीखाली आपणहून थांबले. वॉकर घट्ट धरला, खाली बघत दम घेतला. मी त्यांचा दंड धरून उभा होतो. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "जवाईबुवा, सुधाकरले सांगू नका."

"नाही सांगत, मामा," मी म्हणालो. आणि मीही मान वर करून पाटीकडे पाहिलं नाही.