पायाखालचं पेडल

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं अर्धं आयुष्य एका स्टुलावर गेलं. आमच्या कारखान्यात स्पीकर बनतात. मी पॅकिंगला, त्या तपासणीला. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिचे कान म्हणजे कान आहेत हो! दूध उतू जायच्या आधी हिला पलीकडच्या खोलीत कळतं." त्या कानांच्या जोरावरच जाऊबाई घरात आणि कामावर ताठ मानेनं वावरल्या. थोरले भावोजी एरवी कुणाला चांगलं म्हणायचे नाहीत, पण बायकोच्या कानांपुढे तेही गप्प.

तपासणीची खोली काचेची, दार बंद. टेबलावर सिग्नल जनरेटर. हे यंत्र खालच्या घुमणाऱ्या सुरापासून निघतं आणि चढत चढत पार वरच्या बारीक शिट्टीपर्यंत जातं, एका दमात; ही एक फेरी. पण आपल्या मनानं निघत नाही. बाहेरून इशारा यावा लागतो, तोवर मुकाट बसून राहतं. हा इशारा जाऊबाईंच्या पायाखालच्या पेडलातून जायचा. स्पीकर जोडायचा, पेडल दाबायचं, डोळे मिटून ऐकायचं. स्पीकरमध्ये खोट असली की तो कुठंतरी खरखरतो. मधली टोपी नीट चिकटली नसेल तर अगदी वर, शिट्टीपाशी, चिरकतो. फेरी संपली की जाऊबाई निवाडा करायच्या आणि मगच पुढचा घ्यायच्या. यंत्र त्यांच्यासाठी थांबायचं.

मग नवे साहेब आले. बोलण्याआधी आणि बोलल्यावर "चला, चला" म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच चला-चला पडलं. त्यांनी पेडलाची वायर काढली आणि माल सरकवत आणणाऱ्या पट्ट्याच्या बटणाला जोडली. स्पीकर पट्ट्यावरून टेबलापाशी आला की इशारा आपोआप जाणार.

"पायाला कशाला त्रास, बाई? आता नुसतं ऐकायचं. फुकटात मैफल!"

"पाय माझा कुठं दुखत होता, साहेब?" जाऊबाई म्हणाल्या.

साहेब हसले आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी पट्ट्याचा वेग वाढवला.

आता यंत्राची खोड अशी, की फेरी चालू असताना दुसरा इशारा आला तर ते हातातली फेरी अर्धवट टाकतं आणि पुन्हा खालून सुरू होतं. पट्टा इतका पळत होता, की शिट्टी येण्याआधीच पुढचा स्पीकर हजर व्हायचा. वरचे सूर वाजलेच नाहीत. जाऊबाई एकामागून एक स्पीकर पास करत राहिल्या आणि मी खोक्यांत भरत राहिले.

माल परत आला. सगळे स्पीकर वरच्या सुरांत चिरकत होते.

चला-चलांनी आम्हा पॅकिंगच्या बायकांनाही काचेच्या खोलीत उभं केलं. स्वतः ऐकल्यावर गोम त्यांना कळली होती, ते तोंडावरून दिसत होतं. पट्टा बंद करून, वायर पुन्हा पेडलाला लावून त्यांनी एक चांगला स्पीकर जोडला आणि पेडल दाबलं. सूर घुमला, चढला, शेवटी ती शिट्टी दातांत घुसल्यासारखी वाजली. आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली.

जाऊबाईंनीही केलं. पण आमच्याकडे बघून, जराशा उशिरा.

देवा, मी मनात म्हटलं, हे माझ्याशिवाय कुणाला दिसलेलं नसू दे.

"ही शिट्टी इतके दिवस येत नव्हती," साहेब म्हणाले. "रोज इथं बसता ना, बाई? सांगायला तोंड नव्हतं?"

जाऊबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लक्ष नव्हतं माझं."

"लक्ष नव्हतं! ऐकलंत सगळ्यांनी? चला, चला, कामाला लागा."

घरी जाताना मी न राहवून विचारलं, "पट्टा पळवला त्यांनी. आज तुम्ही तसं का नाही बोललात?"

"पट्ट्याचं बोलले असते तर शिट्टी गेलेली कळली कशी नाही, ते विचारलं असतं." मग थोडं चालून म्हणाल्या, "चिरकणारा आवाज जाडा असतो गं, तो ऐकू येतो मला अजून. नुसती शिट्टी येत नाही. चांगल्या स्पीकरला शेवटी शांतच असायचं माझ्यासाठी. ती शांतता आखूड झाली, तर मला वाटलं, पट्ट्याची घाई आहे म्हणून."

"मग खरं सांगायचं ना!"

"बेफिकीर म्हणतील ते चालेल. बहिरी म्हणवून त्या घरात राहायचं? तुझ्या भावोजींच्या तोंडासमोर? तुला शपथ आहे देवाची."

शपथ मी पाळली. पण बेफिकीर बाईचेही घरात काही लाड होत नाहीत. जाऊबाईंची पॅकिंगला बदली झाल्याचं भावोजींना कळलं, तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "कान आहेत की भोकं? इतकी वर्षं कंपनीला फसवलंस." जाऊबाईंनी त्यांना भात वाढला. ऐकू आलं नाही असं दाखवलं. तेवढं मात्र त्यांना आलं होतं.

त्यांच्या स्टुलावर आता नवी मुलगी बसते. तिच्यासाठी साहेबांनी पट्टा हळू केला आणि पेडलही परत जोडलं. सुधारणा म्हणून त्यांचं कौतुक झालं, टाळ्या आम्हीही वाजवल्या. जाऊबाई माझ्या शेजारी खोकी चिकटवतात. एक खोकं झालं की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला जातो. मी बघते आणि पुढचं खोकं त्यांच्याकडे सरकवते.